जांभळ्या खिरीवर चालणारे घड्याळ

आमच्या मालाम्बो गल्लीत दुपारचे तीन वाजले हे कुणाला घड्याळ पाहून कळत नसे. मेल्चोरामावशींची हाक ऐकून कळत असे.

"खीर घ्या, जांभळी खीऽऽर! उकळून आली, आटून आली, दालचिनी लेऊन आली!"

ही हाक सान ओनोफ्रे चर्चच्या पायऱ्यांपाशी उठली की निजवलेली बाळे जागी होत, न्हावी वस्तरा पुसून ठेवी, शाळामास्तर पुस्तक मिटत आणि संध्याकाळच्या रश्श्याचे मांस चुलीवर चढवायचे विसरलेली एखादी सून कपाळाला हात लावी.

मी सांगतो आहे ते १९०७ साल. पुलापलीकडे शहरात श्रीमंतांच्या खिशात घड्याळे होती. पुलाच्या अलीकडे आमच्याकडे फेरीवाल्या होत्या. सहाला गाढवावरची दूधवाली, आठला काढेवाली, दहाला मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले पुडे विकणारी तामालवाली, तीनला मेल्चोरामावशी, पाचला फुलवाली. कुणी विचारले, "किती वाजले हो?" तर उत्तर मिळे, "काढेवाली गेली, तामालवाली अजून यायचीय." डॉक्टरने दर चार तासांनी औषध घ्यायला सांगितले तर बाई विचारी, "म्हणजे तामालवालीच्या आधी की नंतर?" डॉक्टर आमच्याच वस्तीतला असला तर तोही विचार करून उत्तर देई.

आणि घरात? घरात प्रार्थना होत्या. अंडे दहा 'नमो मारिया' म्हणेपर्यंत मऊ, वीसला घट्ट. शेजारीण भाताची कृती सांगताना म्हणे, "वाफ आली की जपमाळेचे दोन फेरे, मग झाकण." एक फेरा म्हणजे दहा मणी आणि पाच फेऱ्यांची एक माळ. देवाचे नावही होई आणि भातही करपत नसे. आता माझी नात चुलीशेजारी टिकटिक करणारा डबा ठेवते. तो वाजला की सगळे घर दचकते.

मेल्चोरामावशी आमच्याच चाळीत राहत. एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि मध्ये सगळ्यांचा एक नळ. त्या उंच, काळ्या, ताठ मानेच्या. तीस वर्षे डोक्यावर भांडे वाहून मान अशी झाली होती की झोपतानाही वाकत नसावी. बाराला नदीकाठच्या स्टेशनातून गाडी शिट्टी देऊन सुटे. येणारी गाडी कधीही येई, पण सुटणारी बरोबर सुटे. शिट्टी झाली की मावशी चुलीवर भांडे चढवीत, जांभळ्या मक्याचे पाणी ओतीत आणि जपमाळ सुरू करीत. तीन माळा, पंधरा फेरे. हात जपाच्या लयीत फिरे. तिसरी माळ संपली की खीर झाली. मग ती निवेपर्यंत आंघोळ, कपडे, आणि मग ठरलेल्या गल्ल्यांतून सान ओनोफ्रेपर्यंत. या तीन माळांवर त्यांचे तीन वाजतात हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, तसेच दुसऱ्या कुणालाही नव्हते. मावशी बरोबर तीनला येतात एवढेच ठाऊक होते, आणि सूर्य पूर्वेला उगवतो तसे आम्ही ते धरून चाललो होतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये रिवारोलाशेठनी घड्याळ आणले.

शेठ म्हणजे कोपऱ्यावरचे इटालियन वाणी. जिनोव्हाहून विशीत आले, आमच्यात राहून आमचे झाले. मोठ्या तापातून उठले तेव्हा त्यांनी नवस केला होता की सान ओनोफ्रेच्या मनोऱ्यावर जिनोव्हाचे घड्याळ बसवीन. ते बसवले. बँड वाजला, फादर सेलेदोनिओंनी काट्यांवर तीर्थ शिंपडले. मी शेठच्या दुकानात तांदूळ-साखर मापायला होतो, सव्वीस वर्षांचा. माझा हात हलत नाही म्हणून घड्याळाची किल्ली त्यांनी मला दिली. तोंडही हलत नाही, हे बहुधा त्यांना जास्त आवडले असावे.

घड्याळ देखणे होते. पण दिवसाला तीन मिनिटे पुढे पळे.

मी हे शेठना सांगायला तीनदा गेलो, आणि तीनदा मेणबत्त्यांचा खोका उचलून परत आलो. मग मी सोपी वाट धरली. रोज दुपारी मनोऱ्यात चढायचे, टोल देणारी हातोडी धरून ठेवायची, खालून "खीर घ्या" ऐकू आले की काटा गुपचूप तीनवर आणायचा आणि हातोडी सोडायची. घड्याळ बरोबर, शेठ खूश, मी सुटलो.

पण शेठ जरा जास्तच खूश झाले. सप्टेंबरअखेर भर दुकानात ते म्हणाले, "पाहिलंत? मालाम्बोला शिस्त लागली! खीरवालीसुद्धा आता माझ्या घड्याळाबरहुकूम चालते. काटा तीनवर, बाई पायरीवर!"

बोलणे दुपारपर्यंत मावशींच्या कानावर गेले. ते नेणारी ब्रिखिदा धोबीण, आमच्या चाळीतली. तिच्या तोंडाला नळासारखी तोटी नव्हती. मावशी भांड्यासकट दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शेठ, मी तुमच्या घड्याळावर चालते म्हणे?"

"रागावता कशाला मावशी? चांगलीच गोष्ट आहे की."

"माझी आई याच पायरीवर तीनला यायची, तेव्हा तुमचं घड्याळ जिनोव्हाच्या डोंगरात धोंडा होऊन पडलं होतं."

गिऱ्हाइके हसली. शेठ लाल झाले. "मावशी, ते यंत्र आहे. यंत्र चुकत नाही. माणूस चुकतं."

"मग होऊन जाऊ दे."

"होऊन जाऊ दे! येत्या रविवारी कप्तान उगार्तेंना बोलावतो. त्यांच्याकडे जहाजाचं घड्याळ आहे. ते काटे लावतील, मनोऱ्याला कुलूप घालतील, कुलपाची किल्ली कायाओ बंदरावर घेऊन जातील. पुढच्या शनिवारी तीनला येऊन बघतील, कोण बरोबर आणि कोण चूक."

"चालेल. मी चुकले तर पुन्हा हाक मारणार नाही. मुकी फिरेन."

बाहेरच्या माणसाला ही पैज हलकी वाटेल, पण ती हाक मावशींच्या आजीची होती. आजी नदीपलीकडच्या एका घरात गुलाम होती. मोकळी झाली त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःच्या खिरीसाठी, स्वतःच्या नावाने रस्त्यात हाक मारली. तीच चाल, तेच शब्द आईकडे आले, आईकडून मावशींकडे. मावशींना मूलबाळ नव्हते. हाक होती.

शेठही वरमले असावेत, पण मागे कसे सरणार? म्हणाले, "आणि मी हरलो, तर तुमचं भांडं डोक्यावर घेऊन मालाम्बोभर हाक मारत फिरेन."

"टोपी काढून या," मावशी म्हणाल्या.

मी साखरेच्या पोत्यामागे उभा होतो. घड्याळ मावशींवर चालते हे त्या दुकानात एकट्या मला ठाऊक होते, आणि मी साखर मापत राहिलो.

रविवारी कप्तान आले, त्यांनी काटे लावले, कुलूप घातले. त्याच सकाळी चर्चमधल्या मिस्सेच्या शेवटी फादर सेलेदोनिओंनी शेठना खूश करायला एक घोषणा केली. ऑक्टोबरभर प्रत्येकाने जपमाळेच्या दर फेऱ्यानंतर एक छोटी प्रार्थना जास्त म्हणावी, घड्याळाला आणि ते देणाऱ्याला दीर्घायुष्य लाभावे म्हणून. सगळ्यांनी 'आमेन' म्हटले. मावशींनीही म्हटले. पैज पैजेच्या ठिकाणी, देव देवाच्या ठिकाणी.

सोमवारी मनोऱ्यावर तीनचे टोल पडले आणि चौक रिकामाच. बायका खिडक्यांत येऊन उभ्या. पाच मिनिटे गेली, दहा गेली, पंधरा झाली तेव्हा हाक आली. मंगळवारी त्याहून उशीर. बुधवारी सकाळी नळावर ब्रिखिदा म्हणाली, "मावशी, गुडघे दुखतात का हो? की वाटेत कुणी भेटतो?"

"तुझा नवरा भेटतो," मावशी म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. घागर भरून वाहायला लागली तरी त्यांचे लक्ष नव्हते.

मला राहवेना. बुधवारी डोके दुखते म्हणून मी बाराला घरी आलो आणि मावशींची चूल दिसेल असा दाराआड बसलो. शिट्टी झाली. मावशींनी भांडे चढवले, जप सुरू केला. दहा मणी झाले. मग त्यांनी पळी तशीच धरली आणि सावकाश, एक शब्द न गाळता म्हणाल्या, "...आणि आमच्या घड्याळाला व त्याच्या दात्याला उदंड आयुष्य दे." मग दुसरा फेरा. पुन्हा घड्याळाला उदंड आयुष्य. तिसऱ्या फेऱ्याला मी उठून उभा राहिलो. तीन माळा म्हणजे पंधरा फेरे, पंधरा प्रार्थना! घड्याळासाठी देवाला विनवण्या करता करता बाई घड्याळाकडून हरत होत्या.

दारापासून चुलीपर्यंत बारा पावले. तेवढी चालायला मला अख्खी दुसरी माळ लागली.

"मावशी," मी म्हणालो.

"अगंबाई, हा फाउस्तिनो बोलतो!" नळावरून ब्रिखिदा ओरडली.

मी खाली मान घालून पंधरा प्रार्थनांचा हिशोब सांगितला. मावशींनी पळी थांबवली नाही, पण डोळे मोठे झाले.

"म्हणजे ती प्रार्थना मला खाली ओढतेय?"

"हो."

"मग भरभर म्हणू?"

"म्हणून बघा."

त्यांनी एक फेरा भरभर म्हटला. हातही भरभर फिरला आणि खिरीत गुठळी धरली. मावशींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू गुठळी मीच केली. "जप आणि हात एकाच दोरीला बांधलेत, पोरा. तीस वर्षांची गाठ आहे."

"मग ती प्रार्थना सोडून द्या. शनिवारपर्यंत."

"देवासमोर 'आमेन' म्हटलंय. हाक वाचवायला शब्द मोडू? तसली हाक काय कामाची?"

मला तेव्हा जे सुचले ते कसे सुचले, आजही सांगता येत नाही. "मावशी, प्रार्थना घड्याळासाठी आहे ना? घड्याळाची किल्ली माझ्याकडे असते. तुमच्या वाटची मी म्हणतो. तुम्ही न थांबता पुढचा फेरा घ्या."

मावशींनी विचार केला. "मोठ्यानं म्हणशील? देवाला ऐकू गेलं पाहिजे. तुझं बोलणं शेजारच्यालाही ऐकू जात नाही."

गुरुवारी पोटात दुखते म्हणून मी शेठकडून सुट्टी मागितली. शेठ म्हणाले, "खीर कमी खा." मी चाळीत उपड्या खोक्यावर बसलो. दर फेऱ्याच्या शेवटी मोठ्याने घड्याळाला उदंड आयुष्य मागत होतो आणि मावशींची पळी पुढे चालली होती. सगळ्या चाळीच्या बायका कपडे धुवायचे सोडून गोळा झाल्या. "फादर फाउस्तिनो, आमच्या पाट्याला पण आयुष्य मागा!" "माझ्या नवऱ्याला नको हो, पुरे झालं!" माझे कान त्या मक्याच्या रंगाचे झाले असणार. पण एकही प्रार्थना चुकली नाही.

तरी दुपारी मनोऱ्यावर टोल आधी पडले. मावशी त्यानंतर बारा मिनिटांनी पोचल्या.

संध्याकाळी त्या माझ्या दारात बसल्या. भांडे शेजारी, शालीच्या टोकाने कपाळ पुसत. पहिल्यांदाच त्यांची मान मला खाली झुकलेली दिसली. "तुझी युक्ती खोटी ठरली रे. माझीच लय गेली असेल. आईला म्हातारपणी असंच झालं होतं."

आता मात्र गप्प बसणे पाप होते. "मावशी, तुम्ही आज बरोबर होतात. घड्याळ पुढे पळतं. दिवसाला तीन मिनिटं. आजवर रोज तुमच्या हाकेवर मी काटा मागे आणत होतो. या आठवड्यात कुलूप आहे."

मावशींनी हे दोनदा ऐकून घेतले. मग हसायला सुरुवात केली. हसता हसता मांडीवर थापा मारल्या, भांडे कलंडले, तळाला राहिलेली खीर माझ्या उंबऱ्यावर सांडली. "म्हणजे दोन महिने तो माझ्यावर चालत होता, आणि म्हणतो मी त्याच्यावर!"

"मी उद्या शेठना सांगतो," मी म्हणालो.

"नको. आज सांगितलंस तर मी तुला पढवलं म्हणतील. शनिवारालाच बोलू दे. नंतर विचारलं, तर मात्र खरं सांग."

शनिवारी सान ओनोफ्रेचा चौक जत्रेसारखा भरला. ऑक्टोबर हा नवसाच्या जांभळ्या वस्त्रांचा महिना म्हणून बायका जांभळ्या पोशाखात, हवेत धुक्याची भुरभुर. मी चाळीतल्या पंधरा प्रार्थना संपवून कोपऱ्यात उभा होतो. शेठ काळा कोट घालून पायरीवर आणि शेजारी कप्तान उगार्ते, तळहातावर घड्याळ धरून.

टण, टण, टण. तीन.

हाक आली नाही. शेठनी टोपी काढून चहूकडे मान लववली. "तरी मी म्हणत होतो..."

"अजून अठरा मिनिटं आहेत," कप्तान म्हणाले.

"कशाला?"

"तीन वाजायला."

शेठनी वर घड्याळाकडे पाहिले, कप्तानांकडे पाहिले, मग आपल्या खिशातले घड्याळ काढले. शेठ ते रोज मनोऱ्यावरून लावत, त्यामुळे तेही अठरा मिनिटे पुढेच होते. "दोन घड्याळं सांगताहेत कप्तान, तुमचं एकच!"

"माझ्या एकावर जहाज हाकलंय शेठ. तुमच्या दोहोंवर होडीसुद्धा घालणार नाही."

अठरा मिनिटे फार लांब असतात. ब्रिखिदा कुजबुजली, "येतील ना रे?" तिला कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकले. मी मनात मोजत होतो, आता विहिरीपाशी, आता न्हाव्याच्या दुकानापाशी, आता...

"खीर घ्या, जांभळी खीऽऽर!"

कप्तानांनी घड्याळ मिटले. "तीन. आणि वर अर्धं मिनिट."

"अर्धं मिनिट वळणावरच्या कुत्र्याचं," मावशी भांडे न हलवता म्हणाल्या. "त्याला वाट द्यावी लागली."

मग जो गलका झाला त्यात मनोऱ्यावरची कबुतरे उडाली. शेठ तसेच उभे होते. त्यांची नजर गर्दीत फिरली आणि माझ्यावर थांबली. "फाउस्तिनो. ऑगस्टपासून तर बरोबर चालत होतं. कसं?"

एवढे लोक, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. प्रार्थना म्हणून घसा आधीच मोकळा झाला होता, नाहीतर आवाज फुटला नसता. "मावशींची हाक आली की मी काटा लावत होतो, शेठ. रोज."

"म्हणजे... माझं जिनोव्हाचं घड्याळ खिरीवर चालतं?"

"दोन महिने, शेठ."

चौक हसून हसून आडवा झाला. शेठच्या चेहऱ्यावर आधी ढग आला, मग मिशी थरथरली, मग तेही हसू लागले. इतके, की कप्तानांना त्यांना धरावे लागले. डोळे पुसून त्यांनी कोट काढला आणि माझ्या हातात दिला. "धर. आणि सोमवारी दुकानात वेळेवर ये. वेळ कुणाला विचारायची ते तुला ठाऊक आहे."

मावशींनी फडक्याची चुंबळ वळून त्यांच्या टकलावर ठेवली आणि वर भांडे ठेवले. शेठ दोन्ही हातांनी भांडे धरून पायरी उतरले आणि त्यांनी तोंड उघडले.

काय आवाज होता! वीस वर्षे तो माणूस "साखर संपली" आणि "उद्या या" एवढेच बोलत आला होता, आणि आत हे दडलेले. "खीर घ्या" म्हणताच पुलापलीकडच्या खिडक्या उघडल्या म्हणतात. गल्लीभर माणसे मागे, पोरेसोरे पुढे.

मावशी शेजारून चालत होत्या. तीस वर्षांत पहिल्यांदा डोके रिकामे. हातांचे काय करावे ते त्यांना कळत नव्हते. कधी कमरेवर, कधी पाठीशी.

"शेठ, 'खीऽऽर' जरा लांबवा. एवढ्याशा हाकेनं बाळं उठत नाहीत."

"अशी? खीऽऽऽर!"

"हां. आणि दालचिनीवर घाई करू नका. दालचिनी लाजत येते."

मालाम्बोच्या टोकाला वडाखाली शेठ थांबले, घामाने निथळत. भांड्याचा तळ दिसत होता. एक वाटी उरली होती. त्यांनी शेवटच्या हाकेसाठी छाती भरली, पण मावशींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"ही माझी," त्या म्हणाल्या.

आणि मान ताठ करून त्यांनी हाक मारली. मग उरलेली वाटी शेठच्या हातात दिली आणि ते खाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.